मोकेतेच्या घरचा गुरुवार

खाणीतून कायमचा घरी आलेला माणूस आमच्या हा-लेबोना गावात लगेच ओळखू येतो. मनगटावर घड्याळ असूनही तो रस्त्याच्या कडेला उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले ते विचारतो. मोकेतेनंही पहिले काही महिने तेच केलं. उमेदीची सगळी वर्षं सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात गेली. मग खाण बंद झाली आणि तो एक ट्रंक, दोन ब्लँकेटं आणि सतत खाकरणारा घसा घेऊन परत आला. त्याच सुमारास त्याची बायको मालिनेओ दूर मासेरू शहरात पँटींच्या कारखान्यात कामाला लागली. लेक लिनेओ शाळेच्या वसतिगृहात. म्हणजे ज्या घराची स्वप्नं तो इतकी वर्षं काळोखात बघत होता, त्या घरात आला तेव्हा घरात कोणी नव्हतं.

अशी उलटापालट झालेली घरं आमच्याकडे कमी नाहीत. नवरे परतले, बायका गेल्या. परतलेले नवरे बहुतेक माथुसोच्या भिंतीला पाठ लावून बसतात. माथुसो मोकेतेची शेजारीण, जोआला म्हणजे घरगुती दारू गाळणारी. तिच्या अंगणातल्या उंच काठीवर पांढरं फडकं चढलं की ज्वारीची ताजी जोआला तयार आहे हे खोऱ्याच्या पलीकडच्या माणसालाही कळतं. फडकं उतरलं की संपली. पाटी नको, हाकारे नकोत. मोकेते चार दिवस त्या भिंतीपाशी बसून आला. पण त्याच्या पोटाला ते पेय मानवेना आणि त्याच त्याच गप्पा कानाला मानवेनात.

मग त्यानं दगड गोळा करायला सुरुवात केली. दगड त्याला कळत होता. घराच्या पूर्वेला त्यानं कमरेएवढ्या उंचीचा गोल वाफा रचला. आत शिरून उभं राहायला एका बाजूनं फट ठेवली आणि मधोमध गवताकाठ्यांची टोपली रोवली. चुलीतली राख, भाजीची देठं, भांडी घासलेलं पाणी, सगळं त्या टोपलीत जायचं आणि तिथून मुळांना पोचायचं. पाणवठ्यावर जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. न्ताते, म्हणजे बाबा, म्हणून हाक मारायच्या.

"काय हो न्ताते, कोंबड्यांसाठी किल्ला बांधताय का?"

"बांधून होऊ दे," मोकेते दगड ठोकत म्हणायचा, "मग तुम्हीच भाजी मागायला याल."

आणि आल्याच. हिवाळ्यात सगळ्यांची परसं उघडी पडली, तेव्हा मोकेतेच्या किल्ल्यात पालकाची पानं हाताएवढी झाली होती. तो पैसे घेत नसे. फक्त जिनं कोंबड्यांची थट्टा केली होती तिच्याकडून "किल्लेदार" अशी हाक मारून घेतल्याशिवाय जुडी हातात देत नसे.

पावाचं मात्र तसं नव्हतं. मालिनेओ महिन्याच्या शेवटी यायची ती शहरातून दुकानचा पाव घेऊन यायची. पिशवीतला, कापलेला, कापसासारखा. आपल्याच घरात बसून दुकानचा पाव खाताना मोकेतेला पाहुण्यासारखं वाटायचं. त्याची आई तीन पायांच्या बिडाच्या हंड्यात पाव भाजायची. खाली शेणीचे निखारे, झाकणावर निखारे. तो वास त्याला खाणीतसुद्धा यायचा म्हणे. एक दिवस त्यानं माथुसोला, आम्ही मोठ्या बाईला म्हणतो तसं म्मे म्हणजे आई म्हणून, कुंपणापलीकडे हाक मारली.

"म्मे माथुसो, पावाचं विरजण कसं करायचं गं?"

"कोणाला हवंय?"

"मलाच."

माथुसो हातातला झारा घेऊन कुंपणापर्यंत आली. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खाणीत डोक्यावर दगड पडला होता का रे तुझ्या?"

पण शिकवलं तिनं. कुंपणापलीकडून, ओरडून. तिचं लक्ष तिच्या रांजणांवर, त्याचं पिठावर. "मळ! अजून मळ! सासूवर राग काढल्यासारखा मळ!" पहिला पाव त्यानं तिला नेऊन दिला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाली, "हा पाव नव्हे बाळा, हा उंबरठा आहे. दाराला लावून टाक." दुसरा खालून करपला. तिसरा आतून कच्चा. पण पुढच्या महिन्याच्या शेवटी मालिनेओ पिशवी घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. नाक वर करून तिनं वास घेतला. "कोण आलंय घरी?" तिनं विचारलं. कोणी आलं नव्हतं. त्या दिवसानंतर तिनं शहराचा पाव आणला नाही.

शिवण शेवटी आली. हातानं फिरवायचं मशीन होतं मालिनेओचं, लग्नातलं. ते कोपऱ्यात कापडाखाली झोपलेलं असायचं. कारण कारखान्यात ती दिवसभर पँटींचे मागचे खिसे लावते, तेही फक्त डावे. उजवे लावणारी तिच्या शेजारी बसते. घरी आल्यावर तिला सुई बघवत नाही. मोकेतेनं आधी आपली फाटकी पँट सांधली, मग उशीचे अभ्रे, मग पडदे. शेजारच्या पोरांच्या शाळेच्या चड्ड्याही त्याच्याकडे येऊ लागल्या. पुरुष माथुसोच्या भिंतीवरून ओरडत, "मोकेते, आता एखादं बाळंतपण काढ, म्हणजे सगळं आलं!" तो हात वर करून हसायचा. त्याला त्याचं काही वाटायचं नाही असं नाही, पण मशीनच्या आवाजात बरंचसं विरून जायचं.

आता खरी गोष्ट.

मालिनेओला चर्चमधल्या प्रार्थना-मंडळाचा पोशाख हवा होता. काळा घागरा, लाल जाकीट आणि खांद्यांवर पसरणारी पांढरी कॉलर. तिची आई तो घालायची, आईची आई घालायची. पोशाख मागून मिळत नाही. मंडळात काही काळ उमेदवारी करावी लागते, दर गुरुवारच्या प्रार्थनेला जावं लागतं, घरात जोआलाचा थेंब असता कामा नये आणि आपली वेळ आली की आपल्या घरी मंडळ बोलवावं लागतं. मग ईस्टरला पाद्रीबाबा नाव वाचतात आणि मंडळाची मोठी बाई आपल्या हातानं कॉलर घालते.

मोठी बाई म्हणजे म्मे मासेबोलेलो. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर बसते आणि तिची मान वळली की मागचे चार बाक सरळ होतात. मालिनेओची उमेदवारी तिनं मोठ्या मनानं मान्य केली होती. पोरगी शहरात राबते, येईल तेव्हा येईल, म्हणाली होती. पण हिवाळ्यात मालिनेओची वेळ आली तेव्हा कारखान्यानं सोडलं नाही. वेळ पुढे ढकलली. तेव्हाच मासेबोलेलोनं सांगून ठेवलं होतं, "एकदा समजू शकते. पण ज्या घराचं दार प्रार्थनेला उघडत नाही, त्या घरच्या बाईच्या गळ्यात मी कॉलर घालायची कशी?"

ईस्टर जवळ आला; आमच्याकडे तो हिवाळ्याच्या तोंडावर येतो. पीच संपत आले होते, सकाळी अंगणात गारवा यायला लागला होता. मालिनेओची वेळ पुन्हा आली, आणि मंगळवारी तिचा फोन आला.

"लिनेओचे बाबा, रजा नाही देत. परदेशी माल जायचाय म्हणे." मागे यंत्रांचा गोंगाट होता. "तुम्ही म्मे मासेबोलेलोंना सांगा, या वर्षी माझं नाव काढून टाका म्हणावं. मीच सांगितलं असतं, पण मला रडू येईल."

"बरं," मोकेते म्हणाला. "सांगतो."

आणि तो सांगायलाच निघाला होता. वाटेत, नळाजवळच, मासेबोलेलो भेटली. छत्री मिटत तिनं विचारलं, "काय मोकेते, गुरुवारी तुमच्याकडे ना?"

मोकेतेनं तोंड उघडलं. तोंडातून आलं, "हो म्मे. वाट बघतो आम्ही."

आम्ही कोण, ते तिनं विचारलं नाही. तो घरी आला आणि पायरीवर डोकं धरून बसला. मग उठला, विरजण काढलं आणि त्यात पीठ घातलं. दुसरं काय करणार?

गुरुवारी तो अंधार असतानाच उठला. देवाचं नाव घेऊन पीठ मळलं, हंडा घासला, आल्याचं गेमेरे, नशा न येणारं घरगुती पेय, आदल्या दिवशीच करून मडक्यात झाकून ठेवलं होतं ते चाखलं. जिभेला चांगलं झोंबलं. वाफ्यातून पालक आणि बीट काढलं. घर झाडलं. शेजाऱ्यांकडून बाकं आणली. दोन हंड्यांत दोन पाव चढवले, वर निखारे पसरले आणि मग त्याची नजर कॉलरवर गेली.

ही कॉलर त्याचं गुपित होतं. घागरा-जाकीट मालिनेओनं शहरातच सुट्टीत थोडं थोडं करून शिवलं होतं, कॉलर राहिली होती. त्यानं ती लपून शिवली होती. ईस्टरला उघडून दाखवायची. पण मशीनचं तेल लागून तिच्या एका कोपऱ्याला डाग पडला होता. बायका यायला अजून अवकाश आहे, ऊन आहे, वारा आहे, धुऊन टाकू, असं त्याला वाटलं. साबण, नीळ, भाताची पेज लावून खळ, सगळं झालं. वाळत कुठे घालायची? दोरीवर चुलीचा धूर येत होता. खाली माथुसोचं वासरू मोकळं होतं, आणि त्या वासरानं पूर्वी एक अख्खा अभ्रा खाल्ला होता. मोकेतेनं पीच पाडायची लांब काठी घेतली, तिच्या टोकाला कॉलर चिमट्यांनी अडकवली आणि काठी वाफ्याच्या मधल्या टोपलीत ताठ रोवली. वरती वारा होता. कॉलर फडफडायला लागली. छान वाळेल, असं म्हणून तो पावाकडे वळला.

माथुसो त्या दिवशी मयताला गेली होती. तिची काठी मोकळी होती.

थोड्याच वेळात घोड्याच्या टापा वाजल्या. अंगावर ब्लँकेट, डोक्यावर गवताची टोपी, पायात गमबूट असा एक डोंगरातला माणूस घोडा बांधून आत आला. त्याच्या मागे गावातला सेखोबे आणि आणखी दोघं.

"देवाची शांती असो या घराला!" डोंगरातला माणूस म्हणाला. "मी फोका. दळण घेऊन निघालोय. लांबून दिसलं आणि जीवात जीव आला."

मोकेतेला वाटलं, चर्चच्या दुसऱ्या गावच्या शाखेतली मंडळी. मासेबोलेलोनं बोलावलं असेल, सेखोबे वाट दाखवायला आला असेल. "या न्ताते, बसा. बायका अजून यायच्यात."

"बायकाही येतात?" फोका खूश झाला. "वा! आमच्याकडे हल्ली नुसते म्हातारे."

"प्रार्थना झाल्यावर घ्या सगळं."

फोकानं सेखोबेकडे बघितलं. सेखोबेनं खांदे उडवले. त्याच्या हिशेबानं यात काही विचित्र नव्हतं. मोकेते पाव भाजतो, चड्ड्या शिवतो, आता गाळायलाही लागला, आणि करतो ते सगळं आपल्याच तऱ्हेनं करतो. "घशाला कोरड पडलीय रे," तो म्हणाला. "प्रार्थना आम्ही पिताना करतो. एक जग तर आण."

पाहुणे उन्हातून आलेत, खरंच. मोकेतेनं गेमेरेचा जग भरून आणला आणि चार पत्र्याचे कप. फोकानं एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले, उघडले.

"आलं आहे यात."

"भरपूर," मोकेते अभिमानानं म्हणाला.

"सौम्य काढलीयस." त्यानं आणखी एक घोट घेतला. "पण जाते. जाते छान. काय रे सेखोबे?"

"हळूहळू चढेल," सेखोबे म्हणाला आणि कप पुढे केला.

दुसरा जग संपत आला तेव्हा त्यांना चढली नव्हती, पण चढेल या भरवशावर त्यांनी गायला सुरुवात केली होती. फोकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. मोकेते आत चहाचे कप मांडत होता. बरं झालं, मंडळी आनंदात आहेत, असं त्याला वाटलं. पावाचं झाकण उचलून त्यानं बोटानं टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. झालाच.

तेवढ्यात बाहेरचं गाणं तुटलं.

तो दारात आला. रस्त्याच्या वळणावर मंडळ उभं होतं. लाल जाकिटं, पांढऱ्या कॉलरी, हातात स्तोत्रांची पुस्तकं. सर्वांत पुढे म्मे मासेबोलेलो. ती मोकेतेकडे बघत नव्हती. वर बघत होती. मोकेतेनं तिच्या नजरेमागे नजर नेली आणि काठीच्या टोकाला फडफडणारं पांढरं कापड बघितलं. खाली बांधलेला घोडा. वाफ्याच्या दगडांवर पाय पसरून बसलेले चार पुरुष. त्यांच्या हातातले कप.



"म्मे," तो म्हणाला. तो दारातून खाली उतरला.

फोका मदतीला धावला. टोपी काढून उठला. "या माताजी, या! संकोच करू नका. या घरची एकदम स्वच्छ आहे. मी दुसरा जग घेतोय, डोकं अजून जागेवर आहे!"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. ती माखाउता, मंडळातली सर्वांत तरुण. मासेबोलेलोनं मान वळवली आणि हसू गिळलं गेलं.

"मालिनेओ कुठे आहे?" तिनं विचारलं.

"कारखान्यात, म्मे. रजा नाही मिळाली."

"आणि तू मला म्हणालास, वाट बघतो."

"हो म्मे."

"बायको पोशाखासाठी प्रार्थना करतेय आणि तू तिच्या घरावर झेंडा लावलास." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "चला गं."

बायका वळायला लागल्या. मोकेतेला दिसलं, त्या नुसत्या घरी चालल्या नव्हत्या. मालिनेओचं नाव बरोबर घेऊन चालल्या होत्या. तो धावला. रस्त्याकडे नाही, वाफ्याकडे. काठी उपटली, मातीचं ढेकूळ फोकाच्या पायावर पडलं, आणि काठी तशीच आडवी धरून तो भालेकऱ्यासारखा बायकांसमोर जाऊन उभा राहिला. टोकाचं पांढरं कापड मासेबोलेलोच्या नाकासमोर लोंबत होतं.

"झेंडा नाही म्मे. वास घ्या. साबण आहे!"

तिनं वास घेतला नाही. पण चिमटे काढले आणि कापड हातात घेऊन उलगडलं. खळीनं ते अर्धवट कडक झालं होतं. तिनं एकदा सुलटं बघितलं, एकदा उलटं. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ही कॉलर आहे."

"हो म्मे. तिच्यासाठी. ईस्टरला."

"कोणी शिवली?"

"मी."

"नमुना कोणी दिला?"

मोकेतेनं मान खाली घातली. "कोणी नाही. दर रविवारी तुमच्या मागच्या बाकावर बसतो मी. तेवढं बघून बघून केली."

आता बायका परत वळल्या. कॉलर हातोहात फिरली. पाठीमागच्या चुण्या अगदी जशाच्या तशा होत्या. मधली रुंद, बाजूच्या अरुंद, सगळ्या एका ओळीत. मंडळातल्या सगळ्यांत म्हातारीनं डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि मान डोलावली. मग माखाउतानं ती उलटी केली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"न्ताते, पण पुढून हे काय केलंय? दोन टोकं कुठल्या कुठे! मिटणार कशी ही?"

खरंच, पुढची बाजू म्हणजे नुसताच अंदाज होता. एक टोक गोल, एक चौकोनी, मध्ये एक बटण, ज्याला काज नव्हतं.

मासेबोलेलोनं कॉलर आपल्याच खांद्यांवर धरून पाहिली. मागून चपखल बसली. जणू तिच्याच मापाची. तिच्याच मापाची होती ती, आणि मालिनेओ तर काठीसारखी बारीक.

"मोकेते," ती सावकाश म्हणाली, "इतके रविवार माझ्या पाठीमागून चुण्या मोजल्यास. एकदा पुढून बघितलं असतंस तर काय झालं असतं?"

"म्मे," मोकेते म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता, "तुमच्याकडे पुढून बघायची हिंमत गावात कोणाची आहे?"

 मग माखाउता रस्त्यातच खाली बसली. हसून हसून तिला उभं राहवेना. म्हातारीनं तोंडावर स्तोत्रांचं पुस्तक धरलं. आणि मासेबोलेलोचे खांदे हलायला लागले, वरची कॉलर हलायला लागली, आणि शेवटी तिच्या तोंडून जो आवाज आला तो गावानं पूर्वी ऐकलेला नव्हता. फोकाचा घोडा दचकून मागे सरला.

डोळे पुसून ती अंगणात शिरली. सेखोबेच्या हातातला कप घेतला, हुंगला, एक घोट घेतला.

"गेमेरे," ती म्हणाली. "आलं जरा जास्त आहे."

"गेमेरे?" फोका उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं दुःख आलं, की मी म्हणते, तेवढं खाण बंद झाल्यावर मोकेतेच्याही चेहऱ्यावर आलं नसेल. "म्हणजे ही चढणारच नाही?"

"बस खाली," मासेबोलेलो म्हणाली. "टोपी काढलीस ती काढलेलीच असू दे. तुझा आवाज वळणापासून ऐकला मी. असला खर्ज आमच्या मंडळाला कुठून मिळणार? तुम्ही चौघं भिंतीला उभे राहा. पहिलं स्तोत्र येतं ना?"

"आईनं शिकवलंय," फोका पुटपुटला.

"मग सूर सोडलास तर तिला कळेल."

अशी मोकेतेच्या घरी प्रार्थना झाली. बायकांनी वरचा सूर धरला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या चार तहानलेल्या पुरुषांनी खालचा. ते जमून आलं तेव्हा मोकेतेच्या अंगावर काटा आला. कित्येक वर्षं त्यानं पुरुषांची गाणी जमिनीखाली ऐकली होती, बायकांची चर्चमध्ये. आपल्या घराच्या भिंतींत दोन्ही एकत्र ऐकायला मिळतील हे त्यानं देवाकडे कधी मागितलंही नव्हतं. मासेबोलेलोनं प्रार्थनेत कारखान्यात काम करणाऱ्या लेकींची नावं घेतली. मालिनेओचं नाव मध्येच आलं, विशेष काही न बोलता. मोकेतेनं डोळे मिटूनच ठेवले.

मग पाव निघाला. हंडा उलटा केला आणि तो धपकन फळीवर पडला, तळाला सोनेरी, वरून तपकिरी. पालक होता, बीट होतं, पीचचा मुरांबा होता. म्हातारीनं दात नसलेल्या तोंडात मऊ गर ठेवला आणि कड बाजूला काढली, तर फोकानं ती विचारून घेतली. "आमच्या डोंगरात हल्ली बायकाही असा भाजत नाहीत," तो म्हणाला. माखाउतानं विचारलं, "मग तुम्ही का नाही भाजत?"  जाताना त्यानं विरजणाचा एक चमचा कागदात बांधून ब्लँकेटच्या घडीत ठेवला आणि कोणी बघितलं का ते पाहिलं. सगळ्यांनी बघितलं होतं.

चहाचा दुसरा कप होईपर्यंत मासेबोलेलोनं कॉलरचा विषय काढला नव्हता. मोकेते किटली धरून उभा होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"म्मे, अजून एक आहे. तिनं मला सांगितलं होतं, तुम्हाला सांग म्हणून. या वर्षी नाव काढून टाका म्हणून. मी सांगितलंच नाही."

"का?"

"सांगायला निघालो होतो. तोंडानं ऐकलं नाही."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "फोन लाव तिला."

कारखान्यात चहाची सुट्टी असावी. मालिनेओनं लगेच उचलला आणि मासेबोलेलोचा आवाज ऐकताच घाबरून विचारलं. "म्मे, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही गं. तुझ्या घरी बसलेय. तुझ्या घरचा पाव खातेय."

मासेबोलेलोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेयस ना? तुझ्या घरची प्रार्थना झाली. दार उघडं होतं. जरा जास्तच उघडं होतं, ते तुला तुझा नवरा सांगेल. पाद्रीबाबांकडे तुझं नाव जातंय. ईस्टरच्या सकाळी वेळेवर ये, जाकीट इस्त्री करून आण. कॉलर मी पुढून उसवून नीट करून ठेवते, तुझ्या मानेवर घालून बघावी लागेल मला. आता रडू नकोस, मुकादम बघेल."

"नाही रडत," मालिनेओ म्हणाली, रडत. "लिनेओच्या बाबांना द्या."

मोकेतेनं फोन घेतला आणि सगळ्यांपासून चार पावलं दूर गेला. तरी सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण अंगणात कोणी कप हलवत नव्हतं.

"सांगितलेलं एक काम तरी करता का तुम्ही?" मालिनेओ म्हणाली.

"नाही," मोकेते म्हणाला.

"तसेच राहा," ती म्हणाली, आणि तिच्या मागे भोंगा वाजला, यंत्रं सुरू झाली, आणि तिला जावं लागलं.